परसातलं सफरचंद

विलायती बोटीवर खलाशी असलेल्या माझ्या बाबांनी एकदा सफरचंदाची दोन रोपं आणली. पत्र्याच्या डब्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मी तेव्हा सात वर्षांची. रत्नागिरीत सफरचंद! शेजारीण म्हणाली, "आता माडाला द्राक्षं धरतील हो."

बाबा आईला म्हणाले, "यातलं एक निवड गो. त्याला फळ धरलं की बोट सोडली. मग घरीच राहीन." आईने दोन्ही खोडं नखाने खरवडली आणि आतून हिरवं निघालं ते रोप उचललं.

बाबा बोटीवर गेल्यावर तिने विहिरीजवळ कातळात पहारीने खड्डा पाडला. माया उतू जात होती, म्हणून माडाला घालतात तसं टोपलंभर मीठ घातलं, वर सुकी मासळी. माडाला मीठ मानवतं. त्या बिचाऱ्याला कुठलं? आठवड्यात पानं करपली. आई खड्ड्याशी बसून रडली आणि मी म्हटलं, "घाल आणखी मीठ!" या जिभेची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने खारी माती उपसून तिथे रातांबा लावला. ज्याच्या सालीची आमसुलं करतात तो. फळ लाल आणि गोल. "हेच आपलं सफरचंद," तिने मला दटावलं. "बाबांना बोललीस तर बघ!" धास्ती एकच होती. रातांबा नर निघाला तर त्याला फळ धरत नाही, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात.

दुपारी समुद्राची गाज ऐकत मी विहिरीच्या कठड्यावर पडून राही. डोळे किलकिले केले की फांद्यांना सफरचंदं लोंबताना दिसत आणि खाली बाबा जाळं विणत बसलेले. तिथे ते कधी ट्रंक उचलत नसत. खरे बाबा दोन वर्षांनी महिनाभर येत, पानांवरून हात फिरवत, "बरं वाढतंय," म्हणत आणि जात. मला झाडाचा संताप येई. धर की मेल्या!

सातव्या वैशाखात धरलं. बाबा रजेवर होते. आईने पहिलं फळ पुढे केलं. बाबांनी चावा घेतला. डोळे घट्ट मिटले, तोंड वाकडं झालं, हनुवटीवर लाल रस ओघळला.

"कसं आहे?" आईने विचारलं. किती बंदरांवर सफरचंदं खाल्लेला माणूस तो.

"सफरचंदच गो," बाबा म्हणाले, आणि ट्रंक माळ्यावर टाकायला त्यांनी शिडी मागितली.