जावयाची बाळंतपणाची रजा

माझी ही फजिती मीच सांगून टाकतो. माझ्या सासुरवाडीची, म्हसा गावाकडची माणसं ती तुम्हाला भलतीच सांगतील.

शहापूरच्या आमच्या कंपनीत मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हल्ली लोक पोरंच होऊ देत नाहीत. पुढे मशीनवर उभं कोण राहणार? ज्याच्या घरी पाळणा हलेल, त्या बापाला महिनाभर भरपगारी रजा. मात्र बाळाचं सगळं त्यानं करायचं."

नेमकी तेव्हाच माझी बायको सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हशाजवळ. मुलगी झाली. मी कंपनीत बर्फी वाटली, रजा घेतली आणि बॅग भरून थेट सासुरवाडीला.

आता बाळाचं करायला तिथे सासूबाई, मावशी, शिवाय न्हाऊ घालायला शेजारची आजी. माझ्या वाट्याला काय उरणार? गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी आणि पडवीतली खाट.

सासऱ्यांनी विचारलं, "जावयबापू, कामावर कधी?"

"महिनाभर नाही, मामा. पोरगी झाली म्हणून रजा. पगार चालू."

ते उठून आत सासूबाईंकडे गेले. बायको बाळंत झाली म्हणून नवऱ्याला पगारी रजा, हे त्या गावात कुणी ऐकलं असेल का?

तेव्हापासून सगळे माझ्याशी फार हळुवार वागू लागले. सासूबाई वाढताना सुस्कारा सोडायच्या. शेजारी तर माझ्यासमोर नोकरीचा विषयच काढत नसत. मला वाटलं, वा, काय हा जावयाचा मान. मी आणखी पाय पसरले.

एका संध्याकाळी सासरे शहापूरहून आले ते खुशीतच.

"जावयबापू, उद्यापासून कामावर जा. मी तुमच्या सायबाचे पाय धरले. बोललो, पोर लहान हाय, जावयाला काढू नका."

मी खाटेवरून ताडकन उठलो. "अहो मामा, मला कुणी काढलंच नव्हतं."

"सायेब पण तेच बोलला. मग इचारलं, पोरीचं सगळं करतात ना? मी बोललो, कसलं काय, तिला हातात पण घेत नाय. दिवसभर खाटेवर पडून असतात. नोकरी गेल्याचं लय मनाला लागलंय त्यांच्या. तवा सायेब बोलला, मग रजा कशाला, उद्याच कामावर पाठवा."

आतून सविता म्हणाली, "जायच्या आधी तरी लेकीला घ्या."

घेतलं. खरंच लाज वाटली हो. रजा रद्द झाली होती आणि सकाळी मी मशीनवर होतो.

बारशाला सासऱ्यांनी अख्ख्या गावाला सांगितलं, जावयाची गेलेली नोकरी मी परत आणली. लोक माझ्याकडे बघून माना डोलवत होते. मीही मान डोलवली. खरं सांगायला गेलो असतो, तर रजेत मी काय करत होतो ते आधी सांगावं लागलं असतं.