धुक्यात थांबणाऱ्या शैलाताई

आमच्या शेजारच्या शैलाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी इथे सौदीत, हुफूफमध्ये मुलीच्या शाळेबाहेर गाडी लावून बसले होते. पावसाळ्यापासून त्या उपचारांसाठी पुण्यातच होत्या. त्यांच्या लेकीने दोनच ओळी पाठवल्या होत्या. माझी मुलगी येऊन शेजारी बसली, "ममा, व्हॉट हॅपन्ड?" म्हणाली, आणि मी फोन तिच्यापुढे धरला. बराच वेळ मी गाडी सुरू केली नाही. डोळे भरलेले असताना गाडी चालवायची नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं...

इथे बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यांच्या यजमानांची, मोहनरावांची, नजर मधुमेहाने अधू होत चालली होती, म्हणून त्या शिकायला गेल्या. शिकवणारी सौदी मुलगी "यल्ला, खाला!", चला मावशी, म्हणून घाई करायची आणि या शांतपणे आधी तिन्ही आरसे बघायच्या. पुढे मला त्यांनीच तयार केलं. हिवाळ्यात इथल्या खजुराच्या बागांवर सकाळी असं धुकं उतरतं की समोरची गाडी गिळली जाते. "दिवे खालचेच ठेव, वरचे लावलेस तर पांढरी भिंत दिसेल. काच थोडी खाली घे, ऐकू येऊ दे. आणि पुढच्याचे लाल दिवे धरून जाऊ नकोस. तो चुकला तर आपणही चुकलो." रस्ता दिसेनासा झाला तर काय, असं मी विचारलं होतं. "मग थांबायचं," त्या म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत नाशिकहून भावाचा फोन आला, बाबांचं काही खरं नाही, लगेच निघ. माझा नवरा प्लांटच्या शटडाउनमध्ये अडकलेला. शैलाताईंनी मला दम्मामच्या विमानतळावर सोडायला गाडी काढली. निम्म्या वाटेवर धुकं दाटलं. ट्रक बाजूने नुसते आवाज करत जात होते. त्यांनी वेग कमी करत करत गाडी एका पेट्रोल पंपाच्या आवारात, रस्त्यापासून पार आत नेऊन उभी केली.

"ताई, विमान चुकेल माझं."

"माहीत आहे मला."

"हळूहळू जाऊ ना... बाबा आहेत हो तिकडे."

"मीनल, तुला पोचवायलाच निघालेय मी," त्या म्हणाल्या, आणि किल्ली काढून मुठीत धरली. दुसऱ्या हाताने माझा हात. समजूत घातली नाही, सगळं ठीक होईल असंही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भावाला फोन लाव. बाबांच्या कानाशी धरायला सांग." मी त्या बंद गाडीत बाबांशी बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मध्येच एकदा "हं" म्हणाले...

विमान चुकलं. संध्याकाळच्या विमानाने निघून मी नाशिकला पोचले तोवर बाबा गेले होते.

परत आले तेव्हा त्याच घ्यायला आल्या होत्या. ऊन स्वच्छ पडलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्या दिवशी पुढे रस्त्यात काहीच झालं नव्हतं गं. एकही गाडी ठोकलेली दिसली नाही. गेलो असतो तर कदाचित पोचलोही असतो."

"कदाचित," मी म्हटलं.

"तरी मी पुन्हा थांबेन, मीनल." आणि मग त्या रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी थांबून त्यांनी मला किती जपलं होतं, ते मला तिथे कळलं.

मागच्या आठवड्यात मोहनराव इथलं घर आवरायला आले. म्हणाले, "तिची गाडी बरेच दिवस बंद आहे, जरा चालू करून बघतेस?" आम्ही खाली गेलो. मी बसले तर गुडघे स्टिअरिंगला टेकले, इतकी सीट पुढे ओढलेली.

"मागे घे की ती."

"असू दे, भाऊजी. नुसती चालूच तर करायचीये."

इंजिन सुरू झालं. ते क्षणभर बाहेर उभे राहिले, मग चाचपडत पलीकडून आले, दार उघडून शेजारच्या सीटवर बसले. गाडी कुठेच जाणार नव्हती. त्यांनी सवयीने बेल्ट ओढून लावला आणि समोर बघत राहिले.