सही केलेले कोरे कागद

आता माझ्या दुकानात कंप्युटर आहे आणि अर्जाचे नमुने तयारच असतात. पण हिंगोलीत तहसीलसमोर मी टाइपरायटर घेऊन बसायचो तेव्हा आमचे आमदार रोज सकाळी माझ्या बाकड्यावर येऊन बसत. नगरसेवक होते तेव्हाही आणि आमदार झाल्यावरही. आलेल्या माणसाचं ऐकताना चष्म्याची काडी चावत राहत. मी अर्जाची भाषा सुधारू लागलो की चिडत. "तुमी सायबाच्या तोंडचं लिहून राहिले. त्याच्या तोंडचं लिहा."

अधिवेशनाला मुंबईला निघताना ते आपल्या लेटरहेडच्या कोऱ्या कागदांवर खाली सही करून गठ्ठा माझ्याकडे देत. "कुणाचं काम अडू नये." त्या सह्यांची मलाच धास्ती वाटायची. मी ते कागद कुलपात ठेवायचो.

निवडणूक हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही ते बराबर वेळेवर आले आणि उरलेले कागद मागून घेतले. माझ्याच कात्रीनं त्यांनी वरचं नाव कापलं, खालची सही कापली आणि मधले कोरे तुकडे माझ्यापुढं ठेवले. "कागद चांगला हाय. वापरा."

तेवढ्यात सेनगावकडची एक म्हातारी रेशनकार्डासाठी आली. तिचा अर्ज मी त्यातल्याच एका तुकड्यावर टाइप केला आणि सवयीनं सहीसाठी त्यांच्यापुढं सरकवला. माझी चूक लक्षात येऊन मी ओशाळलो. ते मात्र हसले. अर्ज म्हातारीच्या हातात देत म्हणाले, "चला मावशी, रांगेत उभं राहू."

रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढं वाट करून दिली. ते म्हातारीच्या मागं जाऊन उभे राहिले.