आधी कौतुक, मग 'बट'

माझ्या ताईने जन्मात कुणाला तोंडावर नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकाने तेच कापड चौथ्यांदा उसवायला आणलं, तरी हिचं आपलं, "ठेवा, बघते." भावजी गेले आणि मुलाने तिचं शिवणयंत्र विकायला लावून तिला इकडे परदेशात नातीला सांभाळायला आणलं. सून बोलायची फक्त इंग्रजी. म्हणून ही बया साठी उलटल्यावर वाचनालयाच्या तळघरातल्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली.

तिथल्या बाईंनी शिकवलं, इंग्रजीत धाडकन नाही म्हणायचं नसतं. आधी समोरच्याचं कौतुक करायचं, दोन श्वास थांबायचं, मग हळूच 'बट' म्हणायचं. ताई हाडाची शिंपीण, सांगितलेल्या मापाबाहेर सूतभर जायची नाही. कपडे वाळत घालतानाही पुटपुटायची, "दॅट्स अ लव्हली आयडिया." थांबायची. "बट..."

नात शाळेत जाऊ लागली, तिला स्वतःची खोली हवी झाली. घरात खोल्या दोनच. एका रविवारी मी जेवायला गेले होते, तर सुनेने टेबलावर वृद्धाश्रमाचे फोटो मांडले. बाग काय, नर्स काय! टेबलाखाली ताईने माझा हात घट्ट धरला. पण सुनेकडे बघून ती हसली आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "दॅट्स अ लव्हली आयडिया."

आणि थांबली. अगं, कशाला थांबलीस! सून उठून तिच्या गळ्यातच पडली, नात टाळ्या पिटायला लागली. त्या गलक्यात ताई "बट... बट..." करत राहिली.

"आग लागो त्या इंग्रजीला!" मी भाच्यावर ओरडले. "अरे, ती नाही म्हणतेय! तुला तरी कळतंय ना?"

तो ताटातलं चिवडत राहिला. "मावशी, तू मध्ये पडू नकोस. आई आत्ताच हो म्हणाली."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण ताईला मी नेऊ कुठे? मी हॉटेलच्या कपडेधुलाईत कामाला, एका खोलीत आम्ही चौघी, पाय पसरायची मारामार. त्या दिवशी मला स्वतःचीच चीड आली.

न्यायच्या दिवशी मीही गेले. भाचा बॅग घेऊन दारात उभा होता. ताईने चौकट दोन्ही हातांनी धरली. या खेपेला ती थांबलीबिंबली नाही.

"नाही रे बाळा, मला नाही जायचं. स्वयंपाकघरात निजेन मी, कुणाच्या अध्यातमध्यात येणार नाही. पाया पडते तुझ्या!"

जन्मभर तिच्याशी मराठीत बोललेला तो मुलगा. त्याने नजर बॅगेकडे वळवली.

"आई, आय अंडरस्टँड हाउ यू फील," तो म्हणाला, आणि थांबला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडून 'बट' येईपर्यंत तिने चौकट सोडली होती.