अवेळचं गाणं

सेमरटोलीत जतरी तिग्गासमोर कुणी वेळ सोडून गुणगुणलं, की ती हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायची. नुसती बघायची. तेवढ्यानं भलेभले गप्प व्हायचे. पोटाला भाकर नसली तर चालेल, पण श्रावणात चैतातलं गाणं तिला खपत नसे.

उराँव माणसाच्या गाण्याला ऋतू असतो. करमच्या सणाची गाणी भादव्यात, जत्रेची कापणीनंतर, लग्नाची लग्नात, आणि सरहुलच्या सणाची चैतात, सालाच्या झाडाला फुलं आल्यावर. ऋतू आला की गावं, सरला की तोंड मिटावं. हे गावात सगळेच मानायचे, पण चुलीपुढं बसून एखादी ओळ निसटली तर कुणी कुणाचा गळा धरत नव्हतं. जतरी धरायची.

तिला तसंच कारण घडलं होतं. लहानपणी ती धुमकुडियात जायची. गावाच्या मधोमध मातीचं मोठं घर, संध्याकाळी सगळी बिनलग्नाची पोरं-पोरी तिथं जमायची. शिकवणारं असं कुणी नव्हतं. रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, शेजारणीचा हात धरायचा, पाय चुकले की शिव्या खायच्या. असं करत करत एक दिवस तोंडातून गाणं आपोआप निघायचं. जतरीचा गळा गोड, आणि त्याची तिला घमेंडही होती. एकदा आषाढात रोपं लावताना तिनं सरहुलचं गाणं धरलं. बिरसी नावाच्या थोरल्या पोरीनं चिखलाचा गोळा उचलून सरळ तिच्या तोंडाला फासला. सगळ्याजणी पोट धरून हसल्या, जतरीही हसली.

त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला. रोपं पिवळी पडली. तिला कुणी काही बोललं नाही. फक्त तिची आयो एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "पुढच्या खेपेला गाण्याआधी आभाळाकडे बघत जा." बास, एवढंच. रोपं पावसानं मारली, गाण्यानं नव्हे, हे कुणीही शहाणा सांगेल. पण त्या पोरीला सांगायला त्या दिवशी शहाणा कुणी आला नाही, आणि पुढं तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

धुमकुडिया मोडली. आधी कौलं गेली, मग भिंती. रांगेतल्या सख्या पांगल्या, कुणी आसामच्या चहाच्या मळ्यात, कुणी मातीत. बिरसीही गेली. नवरा गेला, मुलगा केरळात कामाला लागला. गावात सरहुलची गाणी येणारी एकटी जतरी उरली. गावातली पोरं आता सरहुलला शहरातल्या मिरवणुकीत ट्रकमागून नाचायची, आणि ट्रकवर भोंग्यातून जे वाजायचं ते ऐकून जतरी दार लावून घ्यायची.

मग बिनोद कुजूर गावच्या शाळेत मास्तर म्हणून आला. आला म्हणजे काय, गावचाच पोरगा. त्यानं पंचांना पटवलं, शाळेमागची रिकामी खोली झाडून घेतली आणि संध्याकाळची धुमकुडिया पुन्हा सुरू केली. पहिल्याच दिवशी तो जतरीच्या अंगणात येऊन बसला.

"आज्जी, पोरांना शाळेत सगळं येतंय, आपलं तेवढं येत नाही. तू शिकव."

"मला ग म भ न येत नाही मास्तरा. शाळेत मी काय करू, बाकावर झोपू?"

"गाणी शिकव. तुझ्यामागं कुणाला येणार आहेत?"

"मला मारायला आलास की बोलवायला?" असं म्हणून तिनं त्याला तांदळाच्या दारूचा, हंडियाचा कटोरा दिला, म्हणजे तिचं हो होतं.

तेव्हा भादवा होता. जतरीनं करमची गाणी शिकवली, आणि काय शिकवली म्हणता. "अगं सुमंती, तोंड उघड, मला तुझे दात चोरायचे नाहीत." "तू गातेस की सर्दी झालीय?" पोरी रडकुंडीला यायच्या आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी हजर व्हायच्या. सुमंती तर रात्री झोपेतही ओळी म्हणते अशी तिच्या आईची तक्रार होती. करमच्या दिवशी आखाड्यात, गावच्या नाचाच्या अंगणात, रांग धरली तेव्हा म्हातारे बायामाणसांच्या आड जाऊन डोळे पुसत होते. जतरीनं मात्र "तिसऱ्या वळणाला पाय ओढताय," एवढंच सांगितलं. पण त्या दिवशी ती घरी परत येताना हसत होती, हे बऱ्याच जणांनी पाहिलं.

चैत आला. सालाला मोहर आला. जतरी केस धुऊन खोलीत जाऊन बसली. कुणीच आलं नाही. परीक्षा होत्या. परीक्षा संपल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सरहुल, आणि पोरं ट्रकबरोबर शहरात.

वैशाखात मास्तर आला. "आज्जी, आता सुट्टी आहे. पोरं दिवसभर मोकळी आहेत. आता सरहुलची गाणी शिकव."

"सरहुल होऊन गेला."

"शिकायला काय होतंय? नाचणार पुढच्या चैतातच."

"सरहुलची पूजा व्हायच्या आधी तू फुटकलच्या झाडाची कोवळी पानं तोडून खातोस का?"

"नाही."

"का नाही? तुझ्या पोटाला काय कळतंय?"

मास्तरानं खिशातून मोबाइल काढला. "बरं, निदान यात भरून ठेवू. वेळ आली की ऐकवू."

"आणि कुणी भादव्यात लावलं तर? तुझ्या डबड्याला ऋतू कळतो का?"

"आज्जी, तू रोज म्हातारी होतेयस," मास्तर वैतागून म्हणाला.

"आणि तू तरुण होतोयस वाटतं. पुढच्या चैताला पाठव पोरांना."

पुढच्या चैतातही परीक्षाच होत्या. त्याच्या पुढच्याही. शाळेचं वर्ष काही सालाच्या फुलाला विचारून ठरत नाही. मास्तर दरसाल वैशाखात येई, दरसाल तेच बोलणं होई, आणि जतरीला आतून वाटे की आपण राखतोय, आपण आहोत म्हणून काहीतरी जागेवर आहे. खरं सांगायचं तर हा हट्टच होता. खजिन्यावर नाग बसतो म्हणतात, त्या नागाला तरी खजिन्याचा काय उपयोग?

ती एकटी तरी चैतात गायची का? तर नाही. सरहुलच्या गाण्याला समोरासमोर दोन रांगा लागतात. एकीनं टाकायचं, दुसरीनं उचलायचं. ओसरीत एकट्या बाईनं ते म्हटलं तर रडणं वाटतं, असं ती म्हणायची. भादव्यात मात्र दरसाल पोरींसोबत करमची गाणी घुमायची, महिनाभर, रोज.

मग एका वर्षी पंचांनी ठरवलं, ट्रक नाही, भोंगा नाही. सरहुल गावच्या आखाड्यातच करायचा. परीक्षाही लवकर आटोपल्या होत्या. जतरीनं ऐकलं आणि पेटीतली लाल काठाची पांढरी साडी काढून उन्हात टाकली. पोरींना तिनं निरोप धाडला, थेट आखाड्यात या, मी तिथंच धरवते. तिच्या वेळी कुठं कुणी आधी शिकवलं होतं?

गावच्या पुजाऱ्यानं, पहानानं, सरनाच्या राईत पूजा केली, मग दारोदार जाऊन सालाची फुलं वाटली. दुपार कलली तेव्हा आखाडा भरला. मांदरवर थाप पडली. जतरी काठीला धरून उठेपर्यंत पोरींनी हातात हात गुंफले आणि सुमंतीनं गाणं उचललं.

ते करमचं होतं.

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. तिसऱ्या वळणाला पायही ओढत नव्हते. जतरीनं जसं शिकवलं तसं, आणि चैतात, सालाची फुलं केसात माळून.

"थांबा," जतरी म्हणाली. मांदर थांबला. सगळं गाव बघायला लागलं. "हे आत्ताचं नाही. हे भादव्याचं आहे."

सुमंती गोंधळली, पण रागावली नाही. "आम्हाला एवढंच येतं ग आज्जी. आत्ताचं कुठलं ते तू सांग. आम्ही मागून म्हणतो."

मास्तर पुढं सरकला. पहानही थांबला. जतरीनं तोंड उघडलं.

त्या गाण्यात सालाचं फूल होतं, हे तिला आठवत होतं. एक पाखरू होतं. एका जागी सगळ्यांनी एकदम वाकायचं, तेही आठवत होतं. पण पहिला शब्द येईना. तिनं डोळे मिटले. बिरसी समोरच्या रांगेत उभी आहे असं मनात आणलं, पण बिरसीही तोंड मिटून उभी होती. लोक वाट बघत होते. मांदरवाल्याला वाटलं म्हातारीला आधार हवा, म्हणून त्यानं हलकी थाप दिली. त्या थापेबरोबर तिचा पाय उचलला, गळा मोकळा झाला, आणि आवाज निघाला. तो अजून गोड होता.

निघालं ते करमचं.

ओळ पुरी व्हायच्या आधी तिला कळलं. पण तोवर पोरींनी ती उचललीसुद्धा. "हेच तर म्हणत होतो आम्ही, आज्जी उगाच घाबरवते," सुमंती हसत म्हणाली आणि तिनं जतरीचा हात धरून तिला रांगेत ओढलं. जतरीनंच धरलं म्हणजे हेच असणार, म्हणून म्हातारे खूश झाले. मास्तर एकटा मान खाली घालून उभा होता. जतरी शेवटपर्यंत नाचली. रांग सोडली असती तर सांगावं लागलं असतं, आणि आता ती सांगणार काय होती?

रात्री मास्तर तिला घरापर्यंत सोडायला आला. दारात ती म्हणाली, "वैशाखात आला होतास तेव्हा मला दोन थोबाडीत का नाही मारल्यास रे?"

त्यानं तिची काठी दाराला टेकवून ठेवली.

सेमरटोलीत आता सरहुलला तेच गाणं म्हणतात. परवा पलीकडच्या गावची एक पाहुणी ते ऐकून म्हणाली, "अगं, हे तर करमचं ना?" सुमंतीनं तिला तिथल्या तिथं उडवून लावलं. "आमच्याकडे सरहुलचं हेच. खुद्द जतरी आज्जीनं आखाड्यात धरलंय, आणि ती अवेळी गाणारी बाई नव्हे. विचार हवं तर, ती बसलीय बघ."

पाहुणीनं खरंच वळून बघितलं. जतरी ओसरीत नाचणी पाखडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मान हलवून हो म्हटलं.