अंग सरळ असलेल्यांनी येऊ नये

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत सिंधूअक्का शिलाई करायच्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिऱ्हाईक उंबऱ्यावर आलं की अक्का मशीन न थांबवता चष्म्यावरून त्याला न्याहाळायच्या, आणि ते धडधाकट दिसलं की त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं. "तुनं आंग सरळ शे. तुनं कोन्हीबी शिवी दी," म्हणजे तुझं कुणीही शिवून देईल, एवढं बोलून त्या मान खाली घालायच्या. पाठीवर गोंडे लोंबणारी ब्लाउजं शिवायला आलेल्या नवऱ्या मुली तर त्यांच्या लेखी माणसांत जमाच नव्हत्या. अक्का आता नाहीत, आणि गल्लीतल्या नव्या मुलींना फॅशन डिझायनर व्हायचंय.

पाठीला पोक आलेला म्हातारा किंवा एक हात लुळा पडलेली बाई आली, की मात्र मशीन थांबायचं आणि स्टूल पुढे सरकायचं. मायेने वगैरे नव्हे. इतके दिवस ही पोती अंगावर का वागवलीस, अशी सुरुवात व्हायची. पोकाच्या माणसाचा सदरा मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो, लुळ्या हातावर बाही चढत नाही, हे बाकीच्या शिंप्यांना दिसायचं, पण त्यावर डोकं कोण खपवणार? अक्का खपवायच्या. गल्लीत म्हणत, अक्कांकडे आधी शिव्या, मग शिवण. पोटासाठी त्या उन्हाळ्यात शाळेचे गणवेश शिवायच्या, तेही गणवेशांना नावं ठेवत.

मी त्याच गल्लीत राहते. हे सगळं कशासाठी करता, असं मी एकदा विचारलं. वाटलं, काही तरी करुण कहाणी निघेल. "सरळ मानूसनं माप लेताना मले झोप येस," अक्का म्हणाल्या. मला ते तंतोतंत पटलं. सेवेची आवड असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कुणी बघत नसलं की त्यांनाही झोप येते.

असल्याच एका मंडळाने अक्कांना 'सेवाव्रती' ठरवलं. अध्यक्ष जमिनींचे दलाल. समाजाची आठवण त्यांना वर्षातून एकदा व्हायची, ती फोटोग्राफरसकट. शाल-श्रीफळ घेऊन मंडळी खोलीत घुसली आणि अध्यक्षांनी सेवा या विषयावर बोलायला सुरुवात केली. "सेवा देऊळमा करतस. आठे शिवतस," म्हणजे इथे फक्त शिवतात, असं म्हणून अक्कांनी त्यांना मध्येच तोडलं. मग शाल चिमटीत धरून पाहिली, कापड बरं आहे म्हणाल्या, आणि अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत तिच्यावर उभी कात्री चालवली. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांच्या बंडीला त्यांना अस्तर हवंच होतं. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तो फोटो मात्र कुणी काढला नाही.

मला अक्कांची गरज पडली ती माईमुळे. माई माझी थोरली बहीण, एरंडोलला असते. कॅन्सरमध्ये तिच्या छातीची डावी बाजू काढून टाकली. दुखण्यातून ती उठली, पण भर मे महिन्यातसुद्धा अंगाभोवती शाल गुंडाळून घरात बसू लागली. तशात तिच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी सावद्याची, केळीचा मोठा व्यापार असलेल्या घरातली. लग्न जळगावला, मेहरूणकडच्या एका लॉनवर. सगळं ठरल्यावर माईने सांगितलं, मी मांडवात येणार नाही.

कारण तिने फक्त मला सांगितलं. तिला भीती होती विहिणींच्या गळाभेटीची. तिच्या ऑपरेशनबद्दल सोयऱ्यांना कुणी बोललं नव्हतं. सावद्याच्या त्या दणकट बायका तिला छातीशी आवळणार आणि त्यांना कळणार. आईशिवाय लग्न लागेल, पण हे त्या मांडवात कळायला नको, असं ती म्हणत होती.

आधी मी शहाणपणा करून तिला जळगावच्या एका बुटिकमध्ये नेलं. भिंतीवर चकचकीत अक्षरांत 'व्यवसाय नव्हे, सेवा' असं लिहिलेलं. तिथल्या मॅडमच्या तोंडातून मध गळत होता. मावशी, तुम्ही तर फायटर आहात, असं चार गिऱ्हाइकांदेखत म्हणून झालं. मग कॅन्सरवाल्या मावशींसाठी स्पेशल पॅकेज दाखव, असं आतल्या मुलीला ओरडून सांगून झालं. आणि टेप हातात घ्यायच्या आधी मॅडमनी मोबाइल घेतला. तुमच्यावर एक रील करते, बाकीच्या बायकांना प्रेरणा मिळेल. माई पायऱ्या उतरली. असल्या गोड माणसांची मला किळस येते.

दुसऱ्या दिवशी मी तिला धुळ्याला अक्कांपुढे बसवलं. अक्कांनी तिची शाल ओढून काढली, बाजूला भिरकावली आणि मला दार लोटायला सांगितलं. ना हळहळ, ना धीर. नुसत्या कापसाने खांदा एकीकडे उचलला जातो, बाजू हलकी पडते, असं पुटपुटत त्यांनी बाळाच्या उशीत भरतात तशी मोहरी पुरचुंडीत भरली, भोवती कापूस लावला, आणि ब्लाउजच्या आत तिच्यासाठी खिसा केला. धुताना पुरचुंडी काढून ठेवायची.

तीनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी ब्लाउज घालून माई आरशासमोर उभी राहिली. बरं दिसतंय, पण कुणी जवळ घेतलं तर, असं ती चाचरत म्हणाली. अक्का मशीनवरून उठल्या. मी त्यांना कुणाच्या खांद्यावर हात ठेवतानाही कधी पाहिलं नव्हतं.

"मी तुनी विहीन शे. भेट मले."

माई घाबरत पुढे झाली. अक्कांनी तिला आवळलं, सोडलं, बोटांनी डावीकडे चाचपलं, काखेजवळची शिवण उसवली, पुन्हा घातली आणि पुन्हा भेटायला लावलं. असं चार-पाच वेळा झालं. शेवटच्या भेटीत माई रडत होती. कापडावर डाग पडतील म्हणून अक्का खेकसल्या.

लग्नात माई मांडवात आली. सावद्याच्या विहीणबाईंनी तिला असं काही कवटाळलं की मीच श्वास रोखला. त्या दूर झाल्या, माईकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ब्लाउज काय सुरेख बसलंय हो, कुठे शिवलं? आनंदाच्या भरात माईने पत्ता देऊन टाकला.

पंधरवड्याने विहीणबाई मोटारीने धुळ्याला पोचल्या, चांगली पैठणी घेऊन. अक्कांनी त्यांना चष्म्यावरून पाहिलं. "तुले काय धाड भरनी? सरळ तं शे," म्हणून उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. विहीणबाई चवताळल्या. त्यांनी तिथूनच माईला फोन लावला, तेव्हा मी एरंडोलला माईजवळच होते. तुमचं शिवते आणि आमचं शिवत नाही, आम्ही काय कमी आहोत, हा आवाज मला बाजूला बसून ऐकू येत होता. मी माईला खुणावलं, काही तरी थाप मार.

माई म्हणाली, "अक्का फक्त आमच्यासारख्यांचं शिवतात. मला कॅन्सर झाला होता, विहीणबाई. डावी बाजू काढलीय."

पलीकडे विहीणबाईंचा आवाज एकदम खाली आला. "अन् म्या तुमाले मांडवात येवढं आवळलं. दुखलं नाही न?"

नाही दुखलं, असं माई म्हणाली. आणि पुढे तासभर दोघी बोलत बसल्या, ऑपरेशनपासून सुनेच्या भाकरीपर्यंत.

मी मात्र धुळ्याला आल्याबरोबर अक्कांवर भडकले. एका बाईचं सरळ ब्लाउज शिवलं असतं तर काय बिघडलं असतं? तुमच्या हट्टापायी माझ्या बहिणीला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगावं लागलं.

अक्कांनी दाताने दोरा तोडला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मंग? मरनी का ती?"