प्रेमसिंगचा उजवा कान

माझा थोरला प्रेमसिंग ट्रक चालवतो. घाटंजीकडच्या आमच्या तांड्यात ट्रकवाले बरेच आहेत. बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायचे, पोरं चाकांवर वाहतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण अमेरिकेत कोण कशी गिटार वाजवतं ते तोंडपाठ असलेला ट्रकवाला तांड्यात हा एकच. स्वतःला एक तार छेडता येत नाही. घरात गिटार नाही. नुसता ऐकतो. बाया मला विचारतात, "वाजवता येत नाही, मंग आयकते कायले?" मी म्हणते, "तुह्या नवऱ्याले रांधता येते का? मंग जेवते कायले?"

हे खूळ लागलं एका अडकलेल्या कॅसेटीमुळे. पहिला ट्रक त्यानं सिकंदराबादच्या एकाकडून जुना घेतला. टेपात आधीच इंग्रजी गिटारची एक कॅसेट होती, ती निघेचना. पाना घालून झाला, बुक्की मारून झाली, शिव्या देऊन झाल्या. टेप लावला की तीच वाजायची. नागपूरहून हैदराबादला जाताना तीच, येताना तीच. आधी तो वैतागला, मग गप्प झाला, आणि एक दिवस म्हणाला, "याडी, त्या कॅसेटीत वाजवनारे अलग अलग हायेत. पहिले मले एकच मानूस वाटे." याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.

ड्रायव्हर लोक चाकावर लोखंडी टामी मारून आवाजावरून हवा ओळखतात. जोडचाकातलं आतलं टायर बसलेलं डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. त्याच कानानं तो गिटारवाले ओळखू लागला. नावं पुढं मोबाइल आल्यावर मिळाली.

मी भाकरी थापायला बसले की हा शेजारी बसून मला शिकवायचा. त्यातलं जे माझ्या डोक्यात राहिलं ते असं. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांचं गाणं. त्यात चेट अ‍ॅटकिन्स म्हणून एक होऊन गेला, वाजवणारा एकटा पण वाटतात दोघं. अंगठ्याचं काम वेगळं, बोटांचं वेगळं. मला त्यात नवल वाटलं नाही. एका हातानं पाळणा हलवत दुसऱ्या हातानं तूर पाखडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. ब्लूग्रासमध्ये विजेचं काही नाही, नुसतं लाकूड आणि तार. एकानं पुढं यायचं, आपलं वाजवायचं, मागं सरायचं, मग दुसऱ्यानं. होळीला आमच्या लेंगी गाण्यांत गडी असेच एकमेकांना वाट देतात. रॉकबिलीत स्कॉटी मूर, त्याच्या तारेमागं लगेच तिचा पडसाद, कोरड्या विहिरीत हाक मारल्यासारखा. आणि रॉक म्हणजे तारेला वीज जोडून दिलेली. तिथं हेंड्रिक्स नावाचा डावखुरा पोरगा गिटार उलटी धरून वाजवायचा. तो लागला की मी म्हणायची, "आता दूध नासन."

प्रेमसिंगचा लाडका मात्र डॉक वॉटसन. तान्हेपणीच डोळे गेलेला माणूस. इतक्या वेगानं वाजवतो, पण एक दाणा दुसऱ्याला चिकटत नाही.

मागच्या वर्षी पांढरकवड्याला हवा भरताना जुनं टायर फुटलं. प्रेमसिंग शेजारीच उभा होता. हातपाय शाबूत राहिले, उजव्या कानातून मात्र रक्त आलं. सगळे म्हणाले, जीव वाचला. मीही आमच्या सेवालाल महाराजांना हात जोडले. पण त्याचं तोंड उतरलेलंच. डावा कान आधीच इंजिनाच्या घरघरीनं मंद झालेला. सारी मदार या उजव्यावर.

यवतमाळच्या डॉक्टरांनी कानामागचाच पातळ तुकडा घेऊन फाटलेला पडदा सांधला. म्हणाले, "पडदा जुळेल. ऐकू किती येईल ते जुळल्यावरच कळेल."

कानातला बोळा निघाला. प्रेमसिंग घरी आला, आणि मोबाइल काही लावीना. बबितानं, म्हणजे माझ्या सुनेनं, विचारलं की म्हणायचा बॅटरी उतरली. बॅटरी भरून ठेवली तर म्हणायचा डोकं दुखून राह्यलं. शेवटी माझ्यापाशी बोलला.

"याडी, वॉटसनबाबाले डोये नव्हते, पन कान होते. माहे डोये चांगले हायेत, त्याईचं काय करू?"

"लावून तं पाय एकडाव."

"अन् नाई आलं आयकू तं? आतालोक वाटते, येईन. लावलं की तेबी गेलं."

आमचे शेजारचे शेतवाले मारोतराव भेटायला आले. त्यांनी हसवायला म्हटलं, "बरं झालं प्रेमसिंगभाऊ, आता बायकोची बोलणी अर्धीच आयकू येतीन." एरवी प्रेमसिंगनं दोन परत दिली असती. त्या दिवशी नुसती मान हलवली. मारोतरावांनी चहा तसाच ठेवला आणि उठले.

मग मीच ठरवलं. काटा आत ठेवून पाय बरा होत नाही. दुपारी जेवून तो ओसरीत बाजेवर आडवा झाला. मी मोबाइल उचलला. इंग्रजी मला वाचता येत नाही, चित्र ओळखता येतं. डोळे मिटलेला म्हातारा दिसला, त्यावर बोट ठेवलं. आवाज बारीक वाटला. याला कमी ऐकू येतं, मोठा पाहिजे. तांड्यात लग्नाची गाणी मोठी करायची तर आम्ही मोबाइल भांड्यात ठेवतो. मी पाण्याचा पितळी गुंड पुसून घेतला आणि वॉटसनबाबाला आत सोडलं.

काय तो आवाज! अख्खा गुंड घुमायला लागला.

बाजेवरून ओरडा आला, "कोन हाय तिकडं? कोनं त्याले गुंडात बुडवलं?"

"मी हावो."

"काढ बाहेर! पितळच बोलून राह्यलं, तार कुठं हाय त्याच्यात?"

राखेचे हात घेऊन बबिता धावत आली. मी गुंडात हात घातला, पण डोळे त्याच्याकडं होते. तो डाव्या कुशीवर होता. डावा कान पार उशीत रुतलेला.

"प्रेम्या," मी म्हटलं, "कोनत्या कानानं आयकलं तू?"

तो उठून बसला. हात उजव्या कानाकडं गेला, पण लावला नाही, जवळ धरला फक्त. मी मोबाइल त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं डाव्या कानात बोट घातलं आणि मान वाकवून बसला.

"वरची तार लांबून येते," तो म्हणाला. "वावराच्या त्या धुऱ्यावरून आल्यावानी. पन हाय. सारे दाने हायेत."

बबिता उंबऱ्यावरच बसली. राखेच्या हातांनी डोळे पुसले, तोंड काळं झालं. मग भांडायला लागली, "अन् इतके रोज बॅटरी उतरली म्हनून राह्यले होते! मी येडीवानी चार्जर लावत बसली!" तो हसला. टायर फुटल्यापासून पहिल्यांदा. मी गुंड उचलून जागेवर ठेवला.

मग तो थांबेच ना. अंगठेवाला लावला, विहिरीतला लावला, उलट्या गिटारचा पोरगा लावला. थोडा ऐकायचा, "हाबी हाय" म्हणायचा, पुढचा.

मारोतराव वावरातून परतत होते. रस्त्यावरूनच ओरडले, "सुखीबाई, काय चालू हाय वो घरी?"

म्हटलं, "हजेरी."